किलोग्रॅमचे लिटर करताना : इंधनप्रवाहाविषयी वाचकांचे प्रश्न

इंधनाच्या मोजमापाविषयीची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील प्रश्न वरवर वेगवेगळे दिसले, तरी गाठ एकच आहे. इंजिनाचा हिशोब किलोग्रॅममध्ये मांडला जातो, टाकी आणि मीटर लिटर दाखवतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना घनतेचा जो आकडा वापरावा लागतो, त्याच्याकडे पुरेशा काटेकोरपणे पाहिले जात नाही. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील डिझेल इंजिनाच्या माहितीपत्रकात इंधनाचा खप दर किलोवॅट-तासाला २१० ग्रॅम असा छापला आहे. इंजिन ८० किलोवॅट शक्तीवर चालत असेल, तर तासाला किती लिटर डिझेल लागेल? माझे उत्तर २० लिटर येते, मित्राचे १४.
(पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

उत्तर : तुमचे उत्तर बरोबर आहे. २१० ला ८० ने गुणले की तासाला १६,८०० ग्रॅम, म्हणजे १६.८ किलोग्रॅम मिळतात. हा झाला वस्तुमानाचा प्रवाह दर. आकारमानाचा दर काढण्यासाठी त्याला घनतेने भागायचे. डिझेलची घनता लिटरला ०.८४ किलोग्रॅम धरली, तर १६.८ भागिले ०.८४ म्हणजे तासाला बरोबर २० लिटर. तुमच्या मित्राने भागण्याऐवजी गुणले, म्हणून त्यांचे उत्तर १४.१ आले.

ही चूक फार सहज होते, आणि ती पकडण्याचा उपायही तितकाच सोपा आहे. पेट्रोल, डिझेल, रॉकेल ही सारी इंधने पाण्यापेक्षा हलकी आहेत; त्यांच्या एका किलोग्रॅमला एका लिटरपेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे लिटरचा आकडा किलोग्रॅमच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठाच यायला हवा. तो लहान आला, तर गणित तिथेच थांबवून पुन्हा पाहावे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. माहितीपत्रकातील २१० ग्रॅम हा आकडा इंजिनाच्या दांड्यावर मिळणाऱ्या शक्तीसाठी असतो. तुमचे ८० किलोवॅट जर जनरेटरच्या विद्युत मीटरवरून घेतलेले असतील, आणि जनरेटरची कार्यक्षमता ९३ टक्के असेल, तर इंजिनाला प्रत्यक्षात ८६ किलोवॅट द्यावे लागतात आणि खप साडेएकवीस लिटरच्या आसपास जातो. घनतेबद्दल वाद घालण्यापूर्वी शक्ती कुठे मोजली आहे, हे ठरवून घ्यावे.

प्रश्न : विमानात इंधनाचा हिशोब किलोग्रॅममध्ये का ठेवतात? आणि हे रूपांतर चुकल्यामुळे एका मोठ्या विमानाचे इंधन आकाशातच संपले होते, असे वाचले होते. तेथे नेमके काय चुकले?
(विज्ञान विषयाच्या शिक्षिका)

उत्तर : ज्वलनातून मिळणारी उष्णता इंधनाच्या वस्तुमानाशी बांधलेली असते, विमानाच्या इंधनाच्या एका किलोग्रॅममागे ती सुमारे ४३ मेगाज्यूल असते. त्याशिवाय विमानाचे एकूण वजन उड्डाणासाठी महत्त्वाचे असते. उंचावर टाकीतील इंधन शून्य अंशाच्या बरेच खाली थंड होते आणि आक्रसते, तेव्हा लिटर कमी होतात, पण किलोग्रॅम तेवढेच राहतात. जमिनीवर इंधन भरणारे मीटर मात्र लिटर मोजतात, आणि जेट ए-१ या इंधनाची घनता १५ अंश सेल्सिअसला लिटरला ०.७७५ ते ०.८४० किलोग्रॅमच्या दरम्यान कुठेही असू शकते. त्यामुळे प्रत्येक वेळी रूपांतर करणे भागच असते.

तुम्ही म्हणता ती घटना २३ जुलै १९८३ ची, कॅनडातील आहे. एअर कॅनडाचे उड्डाण क्रमांक १४३, बोइंग ७६७ जातीचे विमान, मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. टाकीतील इंधन दाखवणारी यंत्रणा बंद असल्यामुळे मापनपट्टी वापरून टाकीतील इंधन मोजले गेले आणि ते ७,६८२ लिटर निघाले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम हवे होते. आता हिशोब पाहा. त्या दिवशीची घनता लिटरला ०.८०३ किलोग्रॅम होती. म्हणजे टाकीत ६,१६९ किलोग्रॅम होते, आणखी १६,१३१ किलोग्रॅम हवे होते, आणि त्यासाठी सुमारे २०,०८९ लिटर भरायला हवे होते. प्रत्यक्षात हिशोबात १.७७ हा आकडा घेतला गेला. हीसुद्धा त्याच इंधनाची घनताच होती, पण लिटरला पौंड या एककात. कॅनडात तेव्हा मेट्रिक पद्धतीकडे जाण्याचे काम चालू होते आणि इतर विमानांसाठी पौंडांचाच हिशोब होता. ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले आणि ते किलोग्रॅम समजले गेले. राहिलेल्या ८,७०३ ला पुन्हा १.७७ ने भागून सुमारे ४,९१७ लिटर भरण्यात आले. विमान उडाले तेव्हा त्यात २२,३०० किलोग्रॅमऐवजी २२,३०० पौंड, म्हणजे १०,१०० किलोग्रॅमच्या आसपास इंधन होते. ४१,००० फुटांवर असताना इंधनदाबाचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते प्रचंड विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या हवाईतळाच्या धावपट्टीवर उतरवले. विमानातील ६९ जणांपैकी कोणाचाही जीव गेला नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना मी एक प्रश्न आधी विचारायला सांगेन : १.७७ ही घनता लिटरला किलोग्रॅममध्ये असेल, तर हे इंधन पाण्यात तरंगेल की बुडेल? सातवी-आठवीतील मूलही सांगेल की बुडेल. मग ते इंधन असूच शकत नाही. एकक न लिहिलेला घनतेचा आकडा कोणत्याही कागदावर दिसला, तर त्याच्याकडे संशयानेच पाहावे.

प्रश्न : डिझेलची घनता एका पुस्तकात ०.८२, दुसऱ्यात ०.८४५, आणि आमच्या हायड्रोमीटरवर ०.८२८ दिसते. कोणती खरी धरायची?
(इंधनसाठ्याची नोंद ठेवणारे वाचक)

उत्तर : तिन्ही खऱ्या असू शकतात. डिझेल हे एकच रसायन नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, आणि युरोपीय मानकानुसार त्याची घनता १५ अंशांना घनमीटरला ८२० ते ८४५ किलोग्रॅम असू शकते. पेट्रोलसाठी हीच मर्यादा ७२० ते ७७५ इतकी रुंद आहे. त्यामुळे पुस्तकातील आकडा अंदाजासाठी ठीक आहे; साठ्याच्या नोंदीसाठी हातातील मालाचीच घनता मोजली पाहिजे.

तुमच्या ०.८२८ बरोबर तुम्ही तापमान लिहिलेले नाही, आणि तापमानाशिवाय हा आकडा अर्धाच आहे. समजा, त्या वेळी नमुना ३५ अंशांवर होता. डिझेलची घनता प्रत्येक अंशामागे घनमीटरला सुमारे ०.७ किलोग्रॅमने उतरते. १५ अंशांवर आणायचे तर २० अंशांचे १४ किलोग्रॅम मिळवावे लागतील, म्हणजे ८२८ चे ८४२ होतील. पेट्रोलचा उतार अंशामागे सुमारे ०.९ किलोग्रॅम असतो. दुसऱ्या शब्दांत, १,००० लिटर पेट्रोल १० अंशांनी तापले तर सुमारे १२ लिटरने फुगते आणि तेवढेच डिझेल सुमारे ८ लिटरने. इंधन कुठून आले नाही आणि कुठे गेलेही नाही. आकारमान तेवढे बदलले. व्यापारी नोंदींसाठी हे रूपांतर तयार कोष्टकांवरून करतात, कारण उताराचा हा आकडा घनतेबरोबर थोडा बदलतो. पण वीस-पंचवीस अंशांच्या पल्ल्यात वरचा साधा नियम हाताशी ठेवायला पुरेसा आहे.

हायड्रोमीटर वाचताना घाई करू नये. उभ्या काचेच्या नळकांड्यात नमुना घेतल्यावर बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबावे. हायड्रोमीटर हलकेच सोडून त्याला थोडी फिरकी द्यावी, म्हणजे तो काचेच्या भिंतीला चिकटून राहत नाही. तो वरखाली होत होत स्थिरावला, की डोळा द्रवाच्या पातळीला आणून, दांडीभोवती वर चढलेल्या कडेऐवजी द्रवाच्या सपाट पृष्ठभागाच्या रेषेवरचा आकडा वाचावा. तापमान त्याच नळकांड्यात, त्याच क्षणी घ्यावे. नमुना उन्हातून सावलीत आणून पाच मिनिटांनी तापमान घेतले, तर पुढचे सगळे गणित कितीही नेटके असले तरी उपयोगाचे नाही.

प्रश्न : आमच्या मोठ्या इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या नळीवर एक आणि परतीच्या नळीवर एक असे दोन फ्लो मीटर आहेत. पहिला ताशी १०० लिटर दाखवतो, दुसरा ७५. म्हणजे खप २५ लिटर. पण टाकी काट्यावर ठेवून तपासले, तर तासाला २२.३ किलोग्रॅम कमी होतात, म्हणजे ०.८४ घनतेने साडेसव्वीस लिटर. कोणता मीटर बिघडला आहे?
(इंजिनांची देखभाल करणारे तंत्रज्ञ)

उत्तर : तुमचे दोन्ही मीटर बहुधा ठणठणीत आहेत. आलेल्या पत्रांत मला सर्वांत आवडलेला प्रश्न हा आहे, कारण तुम्ही काट्यावर तपासून पाहण्याचे कष्ट घेतलेत.

डिझेल इंजिनाचा पंप गरजेपेक्षा बरेच जास्त इंधन उचलतो. जळून उरलेले इंधन पंप आणि इंजेक्टरमधून फिरून, त्यांची उष्णता घेऊन परत येते. परतीच्या नळीला हात लावून पाहा, ती येणाऱ्या नळीपेक्षा स्पष्ट गरम लागेल. समजा, जाणारे डिझेल ३० अंशांवर आहे आणि परतणारे ६० अंशांवर. १५ अंशांना घनता ८४० असेल, तर ३० अंशांना ती सुमारे ८२९.५ आणि ६० अंशांना ८०८.५ होते. आता मीटरचे आकडे वस्तुमानात बदलू. तासाला १०० लिटर जातात, म्हणजे ८२.९५ किलोग्रॅम, ७५ लिटर परततात, म्हणजे ६०.६४ किलोग्रॅम. फरक २२.३१ किलोग्रॅम. १५ अंशांच्या घनतेने त्याचे २६.५६ लिटर होतात, आणि हे तुमच्या काट्याशी जुळते. नळ्यांची तापमाने मी गृहीत धरलेली आहेत. तुम्ही दोन्ही ठिकाणी तापमापक लावून खरे आकडे घाला, म्हणजे खात्री होईल.

मीटर खोटे बोललेले नाहीत. चूक होते ती वजाबाकी करताना. गरम लिटर आणि गार लिटर ही दोन वेगळी परिमाणे आहेत; ती एकमेकांतून थेट वजा करता येत नाहीत. वस्तुमान मात्र गरम असो वा गार, तेवढेच राहते. म्हणून बेरीज-वजाबाकी नेहमी किलोग्रॅममध्ये करावी आणि लिटर हवेच असतील, तर अगदी शेवटी, कोणत्या तापमानाचे ते सांगून काढावेत.

तापमान सुधारल्यावरही या मांडणीत एक दुखणे उरते. प्रत्येक मीटरची अचूकता अर्धा टक्का धरली, तर १०० वर अर्धा लिटर आणि ७५ वर ०.३७५ लिटर इकडेतिकडे होऊ शकते. एकाची चूक वर आणि दुसऱ्याची खाली गेली, तर मिळून ०.८७५ लिटर, म्हणजे २६.५६ लिटरच्या खपावर तीन टक्क्यांहून जास्त. दोन मोठ्या आकड्यांच्या लहान फरकावर विसंबले, की असे होतेच. परतीच्या नळीत हवेचे बुडबुडे असतील, तर आकारमान मोजणारा मीटर तेही इंधन म्हणून मोजतो, ते आणखी वेगळे.

शक्य असेल तर परतीचे इंधन टाकीकडे न नेता, मध्ये एक लहान भांडे ठेवून ते पुन्हा इंजिनाकडे वळवावे, आणि मीटर फक्त एकच, मुख्य टाकीतून या भांड्यात येणाऱ्या नळीवर बसवावा. त्या नळीतून जेवढे जळते तेवढेच वाहते, त्यामुळे वजाबाकीच उरत नाही. फिरणारे इंधन सतत तापत जाते, म्हणून या मांडणीत परतीच्या वाटेवर शीतक लागतो. दुसरा मार्ग कोरिओलिस मीटरचा. त्यात कंप पावणाऱ्या नळीतून इंधन वाहते. वाहणाऱ्या वस्तुमानाच्या प्रमाणात नळीला सूक्ष्म पीळ पडतो आणि तो मोजला जातो. नळीच्या कंपनांच्या वारंवारतेवरून हाच मीटर घनताही सांगतो. फिरत्या चौकटीत जाणवणाऱ्या ज्या परिणामावर हे चालते, तो गास्पार-गुस्ताव कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने १८३५ मध्ये गणिताने मांडला होता.

प्रश्न : मोटारीच्या निदान-जोडणीला लावलेले अ‍ॅप हवेचा प्रवाह सेकंदाला ग्रॅममध्ये देते आणि त्यावरून ताशी लिटर पेट्रोल दाखवते. ते विश्वासार्ह आहे का?

उत्तर : पेट्रोलच्या गाडीत, स्थिर वेगाने चालताना, बऱ्याच अंशी आहे. पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी १४.७ ग्रॅम हवा लागते आणि गाडीचा संगणक मिश्रण याच प्रमाणाजवळ ठेवतो. सेन्सरने सेकंदाला १४.७ ग्रॅम हवा दाखवली, तर पेट्रोल सेकंदाला १ ग्रॅम, तासाला ३.६ किलोग्रॅम, आणि ०.७४५ घनतेने ४.८३ लिटर. गाडी तेव्हा ६० किलोमीटर वेगाने चालत असेल, तर लिटरला सुमारे १२.४ किलोमीटर.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल, तर दोन्ही आकडे बदलतात. इथेनॉलला ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅमच हवा लागते आणि त्याची घनता ०.७८९ असते. २० टक्के मिश्रणासाठी प्रमाण १३.५ च्या जवळ आणि घनता ०.७५४ च्या जवळ येते. तेवढ्याच हवेला मग ताशी ५.२ लिटर लागतात. अ‍ॅपमध्ये इंधनाचा प्रकार बदलला नसेल, तर ते सात टक्क्यांहून अधिक कमी खप दाखवत राहील. उतारावर पाय काढल्यावर संगणक इंधन पूर्ण तोडतो, हवा मात्र वाहत राहते. तेव्हाचा आकडा सोडून द्यावा. डिझेल गाडीत तर ही रीत वापरूच नये, कारण डिझेल इंजिन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त हवेत चालते आणि हवेवरून इंधन काढता येत नाही.

प्रश्न : गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला ताशी २० किलोग्रॅम मिथेन लागतो. मीटर घनमीटर मोजतो. घनता कोणती घ्यायची? पुस्तकांत ०.७१७ आणि ०.६७८ असे दोन आकडे मिळाले.

उत्तर : पहिला आकडा ० अंश तापमानाचा आहे, दुसरा १५ अंशांचा, आणि दोन्ही ठिकाणी दाब १०१.३२५ किलोपास्कल आहे. पहिल्याने २० किलोग्रॅमचे २७.९ घनमीटर होतात, दुसऱ्याने २९.५. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या संदर्भस्थितींची आहेत. एका स्थितीला ‘नॉर्मल’ घनमीटर म्हणतात, दुसरीला ‘स्टँडर्ड’, आणि हे शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. म्हणून नुसता शब्द न वाचता तापमान आणि दाब लिहून घ्यावेत.

तुमचा मीटर मात्र यांपैकी काहीच मोजत नाही. तो नळीतील प्रत्यक्ष दाबाच्या आणि तापमानाच्या वायूचे घनमीटर मोजतो. समजा, दाबमापकावर ३ बार आणि तापमान ३० अंश आहे. दाबमापक वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून गणितात ४ बार घ्यायचे. दाब गुणिले मोलर वस्तुमान, भागिले वायूचा स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान, असे केले की घनता घनमीटरला २.५५ किलोग्रॅम येते, आणि मीटरवर ताशी ७.८५ घनमीटर दिसायला हवेत. चुकून ३ बारच घेतले, तर उत्तर साडेदहा येईल. द्रव इंधनात तापमान विसरले तर एक-दोन टक्क्यांनी हिशोब चुकतो. वायूत वातावरणाचा दाब विसरले तर तेहतीस टक्क्यांनी.

या दाबाला आदर्श वायूचे समीकरण निःशंक वापरावे. सिलिंडरमधील २०० बारच्या वायूला मात्र ते चालत नाही : २५ अंशांना समीकरण सुमारे १२९ किलोग्रॅम घनता देते आणि प्रत्यक्षात मिथेनची घनता १५० च्या वर असते, कारण इतक्या जवळ आलेले रेणू एकमेकांना ओढू लागतात. तुमच्या नळीतला वायू शुद्ध मिथेन नसून नैसर्गिक वायू असेल, तर त्यातील इथेन आणि प्रोपेनमुळे सरासरी मोलर वस्तुमान १६.०४ च्या वर जाते. तेव्हा पुरवठादाराकडून वायूचे घटकप्रमाण मागून घ्या आणि वरच्या गणितात फक्त तो एक आकडा बदला.